मायाक्काची ट्रायल

मायाक्काची जीभ तिखट आहे असं सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे, पण त्या जिभेचा खरा उपयोग फार थोड्यांनी पाहिला होता. खेळण्यातल्या जुन्या मोटारीचा तुटका बंपर ती नव्याने ओतायची, बारीक कानशीने घासायची, आणि मग तो तुकडा ओठांजवळ नेऊन जिभेचं टोक त्याच्या कडेवरून हळूच फिरवायची. डोळे मिटलेले. कुठे खरखर लागली तर पुन्हा कानस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली.

“अगं, काय चाटतेस ते!”

“बोटाला जे कळत न्हाई ते जिभेला कळतंय, टीचर. उभा जलम लोकांच्या कवळ्या केल्या म्या. कवळीची कड जराशी वर आली तर माणूस जेवत न्हाई. तवापास्नं सवय हाय.”

“म्हणजे तू लोकांच्या कवळ्याही...?”

“नव्या. वापरल्याल्या न्हाई. एवढी अक्कल हाय मला.”

मी शाळेत गणित शिकवायची आणि ती आमच्या भिंतीपलीकडे एकटी राहायची. मी तिला अगं-तुगं करायची. ती वयाने मोठी असूनही मला शेवटपर्यंत ‘टीचर’ आणि ‘तुमी’च म्हणाली. जतच्या पलीकडे, कर्नाटकाला टेकलेल्या एका वस्तीवरची ती. घरी मेंढरं. तिचा बाप बाजारात मेंढराचा ओठ उचलून वय सांगायचा, दोन दाती, चार दाती. आणि ही पोर त्याच्या मागे मागे हिंडून मेंढरांच्या तोंडात बघायची. पुढे सांगलीत दातांच्या एका लॅबमध्ये झाडलोटीला लागली आणि तिथेच कवळ्या करायला शिकली, याचं तिला स्वतःला काही नवल नव्हतं. “एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात आले,” म्हणायची. अवघड काम हातात असलं की ती मराठी सोडून कन्नडमध्ये आकडे मोजायची. ओंदु, एरडु, मूरु असं ऐकू आलं की मी दारातूनच मागे फिरायची.

मग दात मशीनवर तयार व्हायला लागले आणि लॅब बंद पडली. मायाक्का घरी बसली, म्हणजे दिवसभर सगळ्या गल्लीला धारेवर धरू लागली. अशात तिच्या ओळखीचे एक डॉक्टर आपली लहानपणची विलायती मोटार घेऊन आले. मुठीत मावेल एवढी, ओतीव धातूची. पुढची जाळी मोडलेली. “बाई, हिला दात बसवा,” ते हसत म्हणाले. मायाक्काने न हसता बसवले. त्या डॉक्टरांच्या ओळखीने मग साताऱ्याचे, पुण्याचे, असल्या जुन्या मोटारी जमवणारे लोक यायला लागले. असे लोक जगात असतात हे आम्हाला तेव्हा कळलं. पिकल्या केसांची, मोठमोठ्या हुद्द्यांवरून उतरलेली माणसं, पण मोटार रुमालाच्या चार घड्यांत गुंडाळून आणायची. मायाक्का मोटार उलटी करून दिव्याखाली धरायची आणि म्हणायची, “आ कर बघू.”

या मोटारींची रचना साधी असते. वर ओतीव बॉडी, खाली चाकांसकट पत्रा. बॉडीच्या पोटातून दोन खुंट खाली येतात, ते पत्र्याच्या भोकातून काढून ठोकून चपटे केले की झालं रिव्हेट. रिव्हेट उडवल्याशिवाय मोटार उघडत नाही.

आणि ते रिव्हेट पुन्हा बसवण्याआधी मालकाने स्वतः येऊन समोर बसायचं, हा मायाक्काचा नियम. कवळी पक्की करण्याआधी मेणात दात लावून पेशंटच्या तोंडात घालून बघतात, हातात आरसा देतात, हसायला लावतात. त्याला ट्रायल म्हणतात. मोटारीलाही ट्रायल. साताऱ्याच्या एका बिल्डरने एकदा ट्रायलला ड्रायव्हर पाठवला. मायाक्काने त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत लावून दिलं. “कवळी तुमच्या सायबाची, आन् आ तुमी करणार व्हय?” पुढच्या आठवड्यात साहेब स्वतः आले, गाल फुगवून. त्यांना टायर पांढरेशुभ्र हवे होते. मायाक्काने पिवळट लावले होते. “सत्तर वर्साच्या तोंडात इशीतले दात बसवले की माणूस चोरावानी दिसतंय,” ती म्हणाली. साहेब तणतणत गेले आणि दोन दिवसांनी येऊन पिवळट टायरची मोटार घेऊन गेले.

दुसरा नियम असा की एकाच्या तोंडातलं दुसऱ्याला सांगायचं नाही. अर्ध्या सांगलीत कुणाचे दात स्वतःचे आणि कुणाचे मायाक्काचे, हे तिला ठाऊक होतं. आमच्या मुख्याध्यापकांची ती एकसारखी दंतपंक्ती बघून मी किती वेळा तिला खोदून विचारलं असेल. ती फक्त “चा घ्या” म्हणायची. मला त्या चहाचा राग यायचा.

हे दोन्ही नियम तिने एकाच कामात मोडले. ते काम मी जवळून पाहिलं.

श्रावणात साताऱ्याकडच्या मेढ्याहून आनंदराव नावाचे एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले. पंच्यातून त्यांनी मोटारीची नुसती बॉडी काढली. चाकं नाहीत, खालचा पत्रा नाही, रंगही नाही. खिडक्यांच्या कोपऱ्यात तेवढा निळा उरला होता.

“आमच्या बापूंची हाय,” ते म्हणाले. “बापू मुंबैला गोदीत हुते. कुणा खलाशानं दिली त्यास्नी. आमच्या घरात दुसरं वाहान न्हवतं, सायकलसुदीक न्हाई. दसऱ्याला समदं गाव आपापली गाडी पुजायचं, बापू ही पुजायचे. चिंचंनं घासायची, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची.”

रंग कुठे गेला ते मायाक्काला आणि मला एकदमच कळलं. दरवर्षी भक्तिभावाने घासून घासून बापूंनीच तो उडवला होता.

“खालचा पत्रा?”

“धाकट्याकडं.” आनंदरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “बापू गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन, घर, जनावरं, कशावर अडलं न्हाई. हिच्यावर अडलं. देव थोरल्याकडं ऱ्हात्यात, मग देवाजवळची मोटारबी थोरल्याकडं, असं म्या म्हटलं. तो म्हनला, मग मला बापूंचं काय? त्यानं खालनं धरली, म्या वरनं. कट् करून आवाज झाला. ज्याच्या हातात जे आलं ते त्याचं. तवापास्नं बोलणं न्हाई.”

मायाक्काने बॉडी उलटी करून तुटक्या खुंटावरून बोट फिरवलं.

“नवा पत्रा करून द्या, अक्का. नवा रंग द्या. यंदाच्या दसऱ्याला पुरी मोटार पुजायची हाय मला. अर्धी त्याच्याकडं हाय म्हणून सारखी त्याची याद येती. ही पुरी झाली की त्याचा माझा संबंध संपला.”

मायाक्काने काम घेतलं.

गणपती गेल्यावर एका संध्याकाळी स्कूटरवरून एकजण आला. पन्नाशीचा, ऑफिसातून परस्पर आलेला. नाव विलास. पिशवीतून त्याने चाकांसकट एक पत्रा काढला. “याच्यावरची बॉडी करून मिळेल का? निळी पाहिजे. दसऱ्याच्या आत.” वडिलांची आहे एवढंच सांगितलं त्याने. मायाक्काने पत्रा उलटा केला. एका भोकात तुटक्या खुंटाचा तुकडा अडकून होता.

“वरची कुठं गेली?” तिने विचारलं.

“गावाकडं. नको ती आता. तुम्ही नवी बसवून द्या, मी माझ्या देव्हाऱ्यात ठेवतो. मग मेढ्याला जायचं काही कारणच उरणार नाही.”

मेढ्याचं नाव ऐकून माझ्या हातातला कप बशीवर वाजला. मायाक्काने डोळ्यांनीच मला दाबलं.

स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला गेल्यावर ती उठली, फळीवरून आनंदरावांची बॉडी काढली आणि पत्र्यावर टेकवली. जरा फिरवली. तुटलेल्या खुंटाची वरची कड आणि खालची कड एकमेकांत अशा बसल्या की फट दिसेना. मायाक्काने सांध्यावर जिभेचं टोक फिरवलं.

“यव्वा,” ती हळूच म्हणाली. “कायबी लागत न्हाई.”

“मग कर की दोघांना फोन!” मी म्हणाले. मला आनंदच झाला होता.

“आन् काय सांगू? दोघं येत्याल आन् आपापला तुकडा उचलून जात्याल. सांगलीत न्हाई तर पुण्यात करून घेत्याल.” तिने बॉडी आणि पत्रा वेगळे केले आणि दोन हातांत धरून बसली. “ऐकलंसा न्हवं ते दोघं काय बोलले? म्या काम चांगलं केलं, टीचर, की हे दोन भाऊ जल्माचे तुटत्यात. आन् वाईट काम म्या करू कसं?”

 नुसत्या अर्ध्या मोटारीवर त्या दोघांचं नातं अडकून राहिलं होतं आणि उरलेली अर्धी करून देणारी बाई माझ्यासमोर बसली होती.

नंतर बरेच दिवस तिचं दार लोटलेलं असायचं. आतून कन्नड आकडे ऐकू यायचे. एकाच्या बॉडीवरून ती दुसऱ्याच्या बॉडीचा रबरी साचा घेत होती, दुसऱ्याच्या पत्र्यावरून पहिल्याचा पत्रा कापत होती, हे मला ठाऊक होतं. एरवी ती मला मधेमधे बोलावून दाखवायची. या वेळी एकदाही नाही.

नवरात्रातल्या रविवारी तिने दोघांना ट्रायलला बोलावलं. एकाच वेळी. एकाला दुसऱ्याचं न सांगता. “तुमी बसा हितं,” मला म्हणाली. “दोन माणसं भांडली तर तिसरं पायजे.”

आनंदराव आधी आले. टेबलावर फडक्याखाली काहीतरी झाकलेलं होतं, त्याकडे बघत बसले. मग स्कूटर थांबली. विलास दारापर्यंत आला, आत कोण बसलंय ते पाहिलं आणि तसाच वळला.

“आत या,” मायाक्का म्हणाली. “ट्रायल हाय तुमची.”

आनंदराव ताडकन उठले.  “ह्यो हितं कसा?”

“पेशंट हाय. तुमच्यासारखा.”

“विश्वासानं दिली हुती तुमच्याकडं!”

“व्हय. बसा.”

का कोण जाणे, पण दोघे बसले. भावाकडे न बघता, भिंतीकडे बघत. मायाक्काने फडकं उचललं. दोन निळ्या मोटारी. हुबेहूब. मला पहिल्यांदा दिसलं ते हे की रिव्हेट आधीच ठोकलेले होते. ट्रायल न घेता तिने मोटार बंद केल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

“ह्यातली एक हाय ती समदी बापूंची,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, पण हात मांडीखाली दाबून धरलेले. “वरचंबी आन् खालचंबी. दुसरी समदी माझी. कुठली कुणाची ते आज सांगणार न्हाई.”

दोघांची नजर या मोटारीवरून त्या मोटारीवर गेली.

“हा काय खेळ चालवलाय?” विलास म्हणाला.

“सोनाराकडं न्हेतो म्या,” आनंदराव गरजले. “घासून बघितलं की धातू कळंल.”

“घासा की. बापूंची निघाली तर बापूंवरच कानस फिरवली म्हणायचं.”

आनंदरावांचा हात वर उठला. मी खुर्चीतून अर्धी उठले. तो हात टेबलावर आपटला आणि दोन्ही मोटारी थरथरल्या. दोघा भावांनी एकाच वेळी हात पुढे केले, पडू नयेत म्हणून. मग लाजून मागे घेतले. मायाक्काने एक मोटार याच्यापुढे सरकवली आणि एक त्याच्यापुढे.

“न्या. जवा दोघं मिळून इचाराल तवा सांगीन. एकट्याला न्हाई.”

आधी थोरला गेला. धाकटा पायरीवर थांबून राहिला, थोरला कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत. मग त्याने स्कूटर सुरू केली, ती उलट्या दिशेला.

मी दार लावलं. “खरी कुणाला दिलीस गं?”

“कुणालाच न्हाई.” तिने घटाघट पाणी प्यायलं. “थोरल्याची बॉडी हाय, खाली माझा पत्रा. धाकट्याचा पत्रा हाय, वर माझी बॉडी. ज्यानं जे सांगितलं ते त्याला करून दिलं. कामात खोटं न्हाई.”

“आणि बोलण्यात?”

“बोलण्यात हाय,” ती म्हणाली.

तिचं आयुष्यभराचं नाव या एका खोट्यावर टांगलेलं होतं. आनंदराव सोनाराकडे गेले, की बॉडी जुन्या धातूची निघणार. मग ते म्हणणार, माझीच खरी. आणि धाकट्याचा विषय तिथेच संपणार. मायाक्काला हे माझ्याआधी कळलेलं होतं. पुण्याच्या एका माणसाची मोटार चाकं काढलेल्या अवस्थेत तशीच टेबलावर पडून राहिली. तिची भाकरी ताटात वाळून जायची. फोन वाजला की दचकायची. तिखट जिभेची मायाक्का गल्लीत कुणाला काही बोलेना, तेव्हा लोक मला विचारू लागले की बाईंना बरं नाही का.

दोन दिवसांनी विलास एकटाच आला. आत नाही आला, स्कूटरवरूनच म्हणाला, “अक्का, तोंडाने सांगू नका. नुसती मान हलवा. माझी खरी का?”

“दादाला घेऊन या.”

“तो येणार नाही.”

“मग मानबी हलणार न्हाई.”

त्याचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, मला बघवेना. “तिकडं खरी असेल, आणि मी इकडं खोटीला हळद-कुंकू वाहत बसलो तर? बापूंना काय वाटेल, अक्का?”

मायाक्का दाराची चौकट धरून उभी राहिली. त्या क्षणी ती सगळं सांगून टाकणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिने सांगून टाकावं असंही वाटलं. तो गेल्यावर ती आत येऊन जमिनीवरच बसली. मेढ्याहून काहीच निरोप नव्हता. “गेले आसत्याल सोनाराकडं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दिवाळीनंतर मायाक्का जतकडे भाच्याच्या घरी राहायला गेली. सामानाच्या टेम्पोत बसताना ती हात हलवत होती, पण माझ्या मनात तिची शेवटची आठवण म्हणून ती नाही राहिलेली. राहिली आहे ती दसऱ्याच्या दुपारची.

मी आपट्याची पानं घेऊन गेले होते. तिने आपल्या कानशी, ड्रिल, साचे पाटावर मांडून पुजले होते. ती पाटासमोर बसून होती आणि फोन मांडीवर होता. मी पानं हातात दिली, तिने घेतली, पण तिचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. तिची बोटं इतकी घामेजली होती की फोन माझ्याकडूनच तिने सुरू करून घेतला, मोठ्या आवाजावर.

“अक्का, मेढ्यास्नं बोलतोय.” आनंदराव. “विलास आलाय.”

मायाक्काने माझं मनगट धरलं.

“सकाळी दारात हुभा. बोलला न्हाई कायबी, म्याबी न्हाई. त्यानं त्याची मोटार काढून पाटावर ठिवली. म्या माझी ठिवली. दोनी पुजल्या म्हंजे खरी कुठं चुकायची न्हाई. पूजा झाली. आता सांगा. दोघंबी हाय हितं.”

मी जोरजोरात मान हलवली. सांगू नकोस. कुठलंही एक नाव घे. दोन भाऊ एका पाटापुढे बसलेत, आता खऱ्याचं काय घेऊन बसतेस! मी ओठांनी, हातांनी, सगळ्या प्रकारे तिला विनवलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

“विलासराव, ऐकताय न्हवं?” तिने विचारलं.

“ऐकतोय.”

“तर ऐका. समदी बापूंची अशी एकबी न्हाई. दादांच्या मोटारीची बॉडी बापूंची, खालचं माझं. तुमच्या मोटारीचं खालचं बापूंचं, बॉडी माझी. तुमी जे सांगितलं तेच केलंय. एक समदी खरी हाय असं म्हनले, ते खोटं बोलले.”

 पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, आता फोन कापला जाणार. तिचं माझ्या मनगटावरचं बोट रुतत चाललं होतं.

मग विलासचा आवाज आला, कुणालाच उद्देशून नसल्यासारखा. “म्हणजे मी उगीचच आलो.”

“व्हय,” मायाक्का म्हणाली. “उगंच आलासा.”

 आणि मग आनंदराव बोलले, पण आमच्याशी नाही. आवाज फोनपासून लांब गेला होता आणि घोगरा झाला होता.

“आलाईस न्हवं? मग जेवून जा.”

पाट सरकवल्याचा आवाज झाला. भांडी वाजली. कुणी बाई म्हणाली, “भावजी, पोळी घेता न्हवं?” आणि आनंदराव म्हणाले, “वाढ त्याला.” मग नुसतं दोन माणसांचं जेवणं ऐकू येत राहिलं, मधे एकही शब्द नसलेलं. मी काहीतरी बोलायला गेले तर मायाक्काने तोंडावर बोट ठेवून मला गप्प केलं. फोन तिने दोन्ही हातांत धरला होता आणि डोळे मिटले होते. तिकडे फोन बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि इकडे मायाक्काने तो केला नाही.